जागा निवडण्याआधी मोजपट्टी तपासा

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गणपतीपुढच्या व्याख्यानाला संतवाङ्मय, इतिहास किंवा फार तर मधुमेह असा विषय असतो. आम्ही "कार्बन जमिनीत कुठे साठवायचा, हे ठरवायचं कसं" असा विषय कळवला, तेव्हा कार्यवाहांनी तो दोनदा विचारून घेतला. त्यांचं चुकलं नाही. पण बडोद्यात राहणाऱ्यांना हा विषय वाटतो तितका लांबचा नाही, म्हणून तो मांडायची परवानगी घेतली.

आधी आमची ओळख. आम्ही राज्य सरकारच्या नोकरीत आहोत. शिक्षण सिव्हिलच्या डिप्लोमापर्यंत. आम्ही भूवैज्ञानिक नाही. पण जागा निवडण्याच्या फायली, त्यांतले गुणांचे तक्ते आणि तज्ज्ञांच्या सह्या हे आमचं रोजचं काम आहे. त्या बाजूने हा विषय आम्हाला जसा दिसतो तसा सांगणार आहोत. मतं आमची स्वतःची आहेत, खात्याची नव्हेत.

आता विषय काय ते पाहू. कोळसा, तेल, गॅस जाळला की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्यामुळे हवामान तापतं, हे शाळकरी मुलांनाही माहीत आहे. कारखान्याच्या चिमणीतून तो बाहेर जाऊ न देता पकडायचा, दाबून नळातून न्यायचा आणि जमिनीखाली खोल खडकात सोडायचा, याला कार्बन साठवण म्हणतात. जमिनीखाली म्हणजे पोकळ गुहेत नव्हे. वालुकाश्मासारख्या खडकात कणांच्या मध्ये बारीक छिद्रं असतात, त्यांत तो भरायचा. वर चिकणमातीसारख्या घट्ट खडकाचा जाड थर हवा, म्हणजे झाकण. साधारण ८०० मीटरच्या खाली दाब आणि उष्णता अशी असते की हा वायू द्रवासारखा दाट होतो. जमिनीवर एक टन वायूला ५०० घनमीटरहून जास्त जागा लागते, म्हणजे दहा बाय दहाच्या अठरा खोल्या. तेवढ्या खोलीवर तोच वायू गच्चीवरच्या दीड हजार लिटरच्या टाकीत मावेल.

नॉर्वेच्या समुद्रात स्लाइपनर इथे १९९६ पासून हे चालू आहे. सुरुवातीची अनेक वर्षं तिथे वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू समुद्रतळाखालच्या वालुकाश्मात सोडला गेला. तेव्हा हे शक्य आहे का, असा प्रश्न उरलेला नाही.

बडोद्याशी संबंध काय? आपल्याला कोयलीची रिफायनरी माहीत आहे, अनेकांच्या घरातली माणसं तिथून निवृत्त झाली. आणि खंभातजवळ लुणेजला १९५८ मध्ये, अंकलेश्वरला १९६० मध्ये तेल सापडलं, हे ज्येष्ठांना आठवत असेल. कोयलीच्या रिफायनरीतला कार्बन डायऑक्साइड पकडून भरूच जिल्ह्यातल्या गंधारच्या तेलक्षेत्रात सोडावा, म्हणजे अडकलेलं तेलही निघेल आणि वायूही खाली राहील, या विचाराने २०१९ मध्ये इंडियन ऑइल आणि ओएनजीसी यांनी करार केला. नीती आयोगानेही २०२२ मध्ये कार्बन पकडणं, वापरणं आणि साठवणं यावर धोरणाचा अहवाल काढला. म्हणजे आज ना उद्या आपल्या आसपासच्या जमिनीखालच्या जागांची यादी होणार, त्यांना गुण दिले जाणार आणि कुणीतरी क्रमांक लावणार.

संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक मंडळाने, म्हणजे आयपीसीसीने, २००५ मध्ये यावर मोठा अहवाल दिला. नीट निवडलेल्या आणि नीट सांभाळलेल्या जागेत ९९ टक्क्यांहून जास्त वायू हजार वर्षं टिकून राहण्याची शक्यता आहे, असा त्याचा निष्कर्ष आहे. बातम्यांमध्ये ९९ टक्के आणि हजार वर्षं हे दोन आकडे येतात. आम्हाला सरकारी सवयीने त्या वाक्यातली अट दिसते, 'नीट निवडलेल्या'. ही अट पाळली तरच ते ९९ टक्के. मग नीट निवडलं हे ठरवणार कोण, आणि कशाने?

जागा निवडायची एक रूढ पद्धत आहे. आधी मोठ्या चाळणीने चाळायचं, मग उरलेल्यांना गुण द्यायचे. कॅनडाचे भूवैज्ञानिक स्टेफान बाचू यांनी २००३ मध्ये संपूर्ण खोऱ्यांची तुलना करण्यासाठी १५ निकष मांडले. भूकंपाचा धोका किती, खोली किती, खडकात भेगा किती, जमिनीतली उष्णता किती, आधीच रस्ते आणि नळ आहेत का, असे ते निकष. प्रत्येकाला वजन, प्रत्येकाला गुण, शेवटी बेरीज. जगभर याच वळणाचे तक्ते झाले.

हा प्रकार आपल्याला नवीन नाही. लग्नासाठी पत्रिका जुळवतो, तेव्हा ३६ गुणांचा तक्ताच असतो. नाडीला ८, भकुटाला ७, गणाला ६, असं करत शेवटी वर्णाला १. अठराच्या वर गेलं की पुढे बोलणी. पण नाडी एक आली की बाकीचे २८ मिळाले तरी गुरुजी मान हलवतात. म्हणजे काही निकष बेरजेचे असतात आणि काही अडवणारे असतात. आणि मुलगा पितो का, कर्ज किती आहे, हे रकाने त्या तक्त्यात नाहीतच. त्यासाठी आत्या-मावशांनाच चौकशी करावी लागते. पत्रिका मानावी की न मानावी हा ज्याचा त्याचा प्रश्न. मुद्दा एवढाच की रकाने कोणते आणि वजन किती हे ज्याने ठरवलं, त्याने निम्मा निकाल आधीच लावलेला असतो. गुरुजी नंतर फक्त बेरीज करतात.

कार्बनच्या जागेचंही तसंच आहे. झाकणाच्या खडकात मोठी भेग असेल तर ती नाडीसारखी अडवणारी हवी. 'भेगेला शून्य, पण रस्ता जवळ म्हणून दहा' अशी बेरीज करून ती जागा पास होता कामा नये.

आमच्या नोकरीत एका ठिकाणचा असा तक्ता पाहण्यात आला. विषय कार्बनचा नव्हता, पाण्याच्या कामाचा होता. रस्त्यापासूनच्या अंतराला भरपूर वजन होतं, भूजलाच्या खोलीला अगदी थोडं. तज्ज्ञ बोलावले होते, पण तक्ता छापून झाल्यावर. त्यांनी प्रामाणिकपणे गुण भरले. एकांनी चहा घेताना विचारलं, "ही वजनं कोणी ठरवली?" उत्तर आलं, "मागच्या कामाच्या फायलीतून घेतली." बैठकीच्या इतिवृत्तात मात्र 'तज्ज्ञांच्या सल्ल्याने निवड' असं लिहिलं गेलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण तज्ज्ञांचा सल्ला जिथे लागत होता, तिथे तो घेतलाच नव्हता.

आमचं आजचं म्हणणं हेच आहे. तज्ज्ञांना जागा तपासायला बोलावण्याआधी जागा तपासण्याची पद्धत तपासायला बोलवा. मोजपट्टीच आखूड असेल तर मोजणारा कितीही हुशार असला तरी माप चुकणार.

याचं चांगलं उदाहरण आपल्या महाराष्ट्रात आहे. दख्खनचा पठारी भाग काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा. बाचूंसारखे तक्ते वालुकाश्माची खोरी डोळ्यांपुढे ठेवून केलेले आहेत. त्या मोजपट्टीने बेसाल्टला कमी गुण मिळतात, कारण त्यात छिद्रं वेगळ्या प्रकारची आणि भेगाही बऱ्याच. पण आइसलँडमध्ये २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्टमध्ये सोडला, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांत दगड होऊन बसला, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला इथे २०१३ मध्ये सुमारे हजार टन वायू बेसाल्टमध्ये सोडला, तिथेही नंतर काढलेल्या खडकाच्या नमुन्यात नवे कार्बनी खनिज दिसले. इथे वायू झाकणाखाली नुसता दाबून ठेवायचा नसतो, खडकाशी त्याची रासायनिक क्रिया होते. ज्या तक्त्यात या क्रियेला रकानाच नाही, तो दख्खनला नापास करणार.

म्हणून उलटं टोकही गाठू नये. आइसलँडच्या पद्धतीत एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागतं, म्हणजे दहा हजार लिटरचे अडीच टँकर. मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाजवळ ही पद्धत मांडायची, तर तक्त्यात पाण्याचा रकाना हवाच, आणि तोही जड. तसंच कोयनेचं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्या आईवडिलांच्या आठवणीतला. धरणाच्या पाण्याच्या दाबाने जमिनीतल्या भेगा हलू शकतात, हे जगाने ज्या ठिकाणांवरून शिकून घेतलं त्यांत कोयना अग्रभागी आहे. कातळ चांगला म्हणून तिथे दाबाने काही सोडायचा विचारही अडवणारा निकष हवा. आइसलँडचा तज्ज्ञ हे आपणहून लिहीलच असं नाही. इथल्या पाण्याचा आणि इथल्या भूकंपाचा जाणकार मोजपट्टी करतानाच बसलेला हवा.

आता तुम्ही म्हणाल, तज्ज्ञ बसवले की झालं. तेही तितकं सोपं नाही. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. भूकंपलहरींवरून जमिनीखालचं चित्र काढतात, पोटाच्या सोनोग्राफीसारखं. तसं एक चित्र मुद्दाम तयार केलं, म्हणजे खरं उत्तर आधीच माहीत होतं. ते ४१२ जाणकारांना दिलं. जमीन मुळात कोणत्या हालचालीने तशी झाली, हे फक्त २१ टक्क्यांना बरोबर ओळखता आलं. ज्याने आयुष्यभर जसली जमीन पाहिली, तसलीच त्याला दिसण्याची ओढ होती. यात तज्ज्ञांची टिंगल नाही. अंधारातली वस्तू चाचपडून सांगायची म्हटलं की असंच होणार. पण एकाच तज्ज्ञाच्या सहीवर जागा ठरवणाऱ्यांनी हा २१ चा आकडा टेबलावर काचेखाली ठेवावा.

मग अनेकांना एकत्र बसवावं? त्यातही गोम आहे. २०१० मध्ये एडिंबरा विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी कार्बन साठवणीच्या संभाव्य जागेबद्दल तज्ज्ञांच्या गटाची मतं टप्प्याटप्प्याने नोंदवली. झाकण आहे का, भेग आहे का, खात्री किती, असे प्रश्न. चर्चा पुढे जाईल तशी मतं एकमेकांकडे सरकत गेली. कळपात मेंढरं वळतात तसं माणसांचंही होतं. सरकारी बैठकीत बसलेल्यांना हे नवीन नाही. साहेब पहिल्यांदा बोलले की नंतरचे सगळे 'अगदी बरोबर' म्हणतात.

यावर उपाय आहेत, आणि जुने आहेत. अमेरिकेच्या रँड संस्थेत १९५० च्या दशकात डेल्फी नावाची पद्धत निघाली. प्रत्येकाने आपलं मत एकट्याने लिहून द्यायचं. मग सगळ्यांची मतं आणि कारणं नावं न सांगता सगळ्यांना परत दाखवायची, आणि पुन्हा लिहायला सांगायचं. ज्येष्ठ कोण, कनिष्ठ कोण, हा भार उतरतो. रॉजर कुक यांनी त्यापुढची युक्ती केली. तज्ज्ञांना आधी असे प्रश्न द्यायचे, ज्यांची उत्तरं आपल्याला माहीत आहेत पण त्यांना नाहीत. कोणाचा अंदाज किती बरोबर येतो आणि कोण उगाच छाती ठोकतो, ते कळतं. त्याप्रमाणे पुढच्या प्रश्नांत त्यांच्या मताला वजन द्यायचं.

तक्त्याची परीक्षाही अशीच घेता येते. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या कर्टिस ओल्डनबर्ग यांनी २००८ मध्ये जागा निवडीचा एक साधा तक्ता प्रसिद्ध केला. त्यातल्या दोन गोष्टी आम्हाला फार आवडल्या. पहिली म्हणजे गुणांच्या शेजारी खात्रीचा वेगळा रकाना आहे. 'जागा चांगली आहे' आणि 'जागा चांगली असावी, पण माहिती कमी आहे' या दोन गोष्टी एकाच आकड्यात लपत नाहीत. दुसरी म्हणजे त्यांनी तो कॅलिफोर्नियातल्या तीन ठिकाणी चालवून पाहिला. त्यांतलं एक मॅमथ पर्वत. तिथे ज्वालामुखीचा कार्बन डायऑक्साइड जमिनीतून वर येतो आणि त्याने झाडंही मेली आहेत. म्हणजे गळकं आहे हे आधीच ठाऊक असलेलं ठिकाण. त्या तक्त्याने त्याला सर्वांत खाली ठेवलं. वजनकाट्यावर आधी माहीत असलेलं माप ठेवून पाहावं, तसं हे. ज्या तक्त्याने मॅमथला पास केलं असतं, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

निवड झाली की तक्ता कपाटात ठेवायचा नसतो. अल्जीरियाच्या वाळवंटात इन सलाह इथे २००४ पासून वायू सोडत होते. उपग्रहाने पाहिलं तेव्हा जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात होती. एका जुन्या विहिरीपर्यंतही वायू पोहोचला होता. त्यांनी धोक्याचा हिशेब पुन्हा केला आणि २०११ मध्ये वायू सोडणं थांबवलं. नॉर्वेत स्नोव्हिट इथे २००८ मध्ये सुरुवात झाली, दाब अपेक्षेपेक्षा लवकर वाढला, म्हणून २०११ मध्ये दुसऱ्या थरात सोडायला लागले. दोन्हीकडे मोठमोठे तज्ज्ञ होते. त्यांची हुशारी कमी पडली म्हणून हे घडलं असं आम्ही म्हणणार नाही. प्रत्यक्ष मोजमाप आलं, त्यांनी ते दाबून ठेवलं नाही आणि निर्णय बदलला, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आता शेवटचा मुद्दा, तज्ज्ञ कोणाला म्हणायचं? नेदरलँड्समध्ये बारेंद्रेख्त नावाचं गाव आहे. जवळच्या पर्निसच्या रिफायनरीतला वायू त्या गावाखालच्या रिकाम्या गॅसक्षेत्रात साठवायचा बेत शेल कंपनीने केला. कागदावर जागा चांगली होती. लोकांना मात्र सगळं ठरल्यासारखं झाल्यावर कळलं असं वाटलं. विरोध एवढा वाढला की नोव्हेंबर २०१० मध्ये सरकारने प्रकल्प सोडून दिला. रिफायनरी, नळ, जुनं क्षेत्र आणि वर नांदती वस्ती. नावं बदलली तर हे चित्र आपल्याला ओळखीचं वाटेल.

आणि आपल्याकडे लोकांना विचारणं हा नुसता शिष्टाचार नाही. जुन्या तेलक्षेत्रात सगळ्यांत नाजूक जागा म्हणजे जुन्या विहिरी. साठ वर्षांपूर्वीच्या विहिरीतलं सिमेंट आज कसं आहे, कुठली विहीर कधी बंद केली, कुठली नकाशात आहे पण शेतात सापडत नाही, हे सगळं संगणकात असतंच असं नाही. ते ज्या शेतकऱ्याच्या बांधावर ती विहीर आहे त्याला माहीत असतं, आणि तिथे ड्रिलिंगवर उमेदवारी केलेल्या निवृत्त माणसाला माहीत असतं. असे लोक आपल्या समाजातही आहेत, कदाचित इथे समोर बसलेले असतील. त्यांच्याकडे पीएच.डी. नाही म्हणून तक्ता करताना त्यांना खुर्ची नाही, हे बरं नव्हे.

तेव्हा थोडक्यात मागणं असं. तज्ज्ञांना निकष आणि वजनं ठरवतानाच बोलवावं, भूवैज्ञानिकांबरोबर भूजल, भूकंप, विहिरी आणि आरोग्य यांचे जाणकारही घ्यावेत. त्यांची मतं आधी एकेकट्याने लिहून घ्यावीत. तक्ता आधी माहीत असलेल्या, शक्यतो फसलेल्या ठिकाणावर चालवून पाहावा. गुणांशेजारी खात्रीचा रकाना असावा, आणि ज्याचं मत वेगळं पडलं त्याचं कारण इतिवृत्तात त्याच्या शब्दांत यावं. वजनं थोडी इकडची तिकडे केली तर पहिला क्रमांक बदलतो का, तेही लिहावं. बदलत असेल तर तो पहिला क्रमांक कच्चा आहे. आणि हा सगळा कागद गावाला गावाच्या भाषेत वाचायला मिळावा, निवड होण्याआधी.

याने वेळ जास्त लागेल, हे आम्हाला मान्य आहे. फाइल अडली की वरून फोन येतात, तेही आम्ही घेतलेले आहेत. पण ही साठवण पाच वर्षांच्या कंत्राटासाठी नाही, आपल्या पतवंडांच्या पतवंडांसाठी आहे. त्यांना आपण कोण होतो ते ठाऊक नसेल, आपल्या सह्याही वाचता येणार नाहीत. आपण खाली जे ठेवलं ते तिथेच राहिलं का, एवढंच त्यांना कळेल.

कामाचा आरंभ आपण गणपतीपासून करतो, कारण तो बुद्धीचा दाता आहे. या कामात बुद्धी लागणार आहे ती आरंभीच, तक्ता कोरा असताना. सही करण्याच्या वेळेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असेल. आपल्यातली शिकलेली तरुण मंडळी या क्षेत्रात जावीत, आणि जी जातील त्यांनी पहिल्या बैठकीत निःसंकोच विचारावं, "ही वजनं कोणी ठरवली?"

 गणपती बाप्पा मोरया!